अकरा श्वासांचं मौन

"घड्याळं काढा. सगळ्यांनी काढा. काळ हा नादाचा वैरी आहे."

नादगुरूंच्या तोंडून एवढे शब्द बाहेर पडले आणि बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयात दाटीवाटीनं उभी असलेली तीस-पस्तीस माणसं मुकाट्यानं मनगटावरचे पट्टे सोडायला लागली. एरवी रद्दी टाकायची पत्र्याची टोपली हातोहात फिरली. व्यवस्थापकसाहेब भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढायला खुर्चीवर चढले, खुर्चीसकट डुगडुगले, आणि दोघा भक्तांनी त्यांच्या पायांना मिठी मारली. ती मिठी भक्तीची होती की साहेब पडू नयेत म्हणून, ते त्या गर्दीत कुणालाच कळलं नाही. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका दोन्ही शिलाई मशिनं बंद ठेवून वर आले होते. एका गृहस्थानं सहा वर्षं मुका असलेला रेडिओ काखोटीला मारून आणला होता. एक आजी तर जावयालाच घेऊन आल्या होत्या. जावई बोलत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

"ते पडद्यावर काय फिरतंय?" नादगुरूंनी कॉम्प्युटरकडे बोट केलं.

"तेही घड्याळच आहे, गुरुजी," तंत्रज्ञदादा म्हणाला. "साहेबांनी बसवलंय."

"बंद करा. नादाला छोटं घड्याळ, मोठं घड्याळ असा भेद नसतो."

दादानं माउस दाबला. मग नादगुरू एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत फिरले. कोपऱ्यात कपाटाच्या आडोशाला बसलेल्या मावशींच्याही डोक्यावर तो हात आला. मावशींनी मान आखडून घेतली. मावशी जन्मापासून आंधळ्या होत्या, आणि न विचारता अंगाला हात लावणाऱ्यांशी त्यांचं जुनं वैर होतं.

"आता अकरा श्वासांचं मौन. सावकाश. नाद रुसलाय, त्याला घाई चालत नाही."

पस्तीस माणसांनी अकरा श्वास घेतले. दमेकरी शिंपीकाकांचे सतरा झाले. मग नादगुरूंनी नादकाटा, म्हणजे सूर लावायचा दोन दातांचा पोलादी काटा, गुडघ्यावर आपटून हवेत धरला. टुंऽऽऽ.

"दाबा."

दादानं पडद्यावरचं लाल बटण दाबलं. आठवडाभर मख्खपणे सपाट पडून राहिलेली हिरवी रेघ थरथरली, आणि नादगुरू खाकरल्याबरोबर टुणकन उडाली.

"अरेच्चा, चालू झालं की," जावई म्हणाला.

आजींनी तिथेच डोळ्याला पदर लावला.

आता हा नाद रुसला कधी आणि का, ते सांगायला हवं.

वाचनालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, आणि जुन्या कोठीच्या भिंतींना गाद्या ठोकून केलेली रेकॉर्डिंगची केबिन. आंधळ्या मुलांसाठी इथे शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे. आत माइकसमोर वाचक बसायचा. बाहेर कॉम्प्युटरवर आवाज संपादनाचा प्रोग्राम उघडून दादा बसायचा. तयार झालेलं प्रकरण मावशी आपल्या छोट्या प्लेयरवर ऐकायच्या आणि चुका सांगायच्या. बावीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. वाचणाऱ्यानं पान उलटलं की बोट ओलं केलं होतं की नाही, हे त्या ऐकून सांगत.

आठवड्यापूर्वी, सोमवारी, नवीन वाचक रुजू झाली. ती एकोणीस वर्षं बसस्थानकावर घोषणा करत होती. तिथे आता यंत्र बोलायला लागलं, म्हणून ती इकडे आली. तिला सगळे समोर ताई म्हणत आणि मागे घोषणाताई. तिचा आवाज खणखणीत, सरळ, जराही लाडीगोडी नसलेला. सवयीनं ती मथळा दोनदा वाचायची: "प्रकरण चौथे, पेशींची रचना. प्रकरण चौथे, पेशींची रचना." ऐकणाऱ्याला वाटायचं, आता पेशी फलाट क्रमांक तीनवरून सुटणार.

पण मावशी तिच्यावर खूष होत्या. कारण पहिल्याच दिवशी ताईनं तक्ता वाचला. अख्खा. रकान्यांची नावं सांगून, ओळीमागून ओळ, तळटिपेसकट. आजवरचे सगळे वाचक तक्ता आला की "येथे एक तक्ता दिला आहे" एवढं म्हणून सटकायचे. मावशी शाळेत असताना अशाच न वाचलेल्या तक्त्यांनी त्यांचे मार्क खाल्ले होते. ताईनं एकोणीस वर्षं वेळापत्रकं वाचली होती. तिच्या लेखी तक्ता म्हणजेच खरा मजकूर, बाकीचं पाल्हाळ.

आणि नेमका त्याच सोमवारी प्रोग्राम रुसला. लाल बटण दाबलं की पडद्यावर पाटी यायची: आवाजाचं साधन उघडता आलं नाही. दादानं कॉम्प्युटर बंद करून चालू केला, वायरी काढून घातल्या, प्लग फुंकले, शेवटी कॉम्प्युटरच्या पाठीवर एक थापही मारली. काही उपयोग नाही. परीक्षा महिन्यावर आलेली, आणि विज्ञानाच्या पुस्तकाची आठ प्रकरणं बाकी.

साहेबांच्या साडूनं नादगुरूंचं नाव सुचवलं. नादगुरू आले, त्यांनी नाद वश केला, आणि प्रोग्राम चालला. पण ताई वाचायला बसली, चौथ्या ओळीला अडखळली, प्रामाणिकपणे म्हणाली, "दादा, थांबवा, ती ओळ पुन्हा घेते," दादानं थांबवलं, आणि परत लाल बटण दाबलं तर पुन्हा तीच पाटी.

पुन्हा टोपली फिरली. पुन्हा अकरा श्वास. ताई वाचायला बसली, नवव्या ओळीला तिला खोकला आला, दादानं थांबवलं, झालं. पुन्हा पाटी.

"हं," नादगुरू म्हणाले. "बाई, आपण अगोदर काय करत होता?"

"घोषणा."

"बसच्या?"

"हो. येण्याच्या आणि सुटण्याच्या."

नादगुरूंनी साहेबांकडे दयेनं पाहिलं. "एकोणीस वर्षं ज्या कंठातून 'सुटणार आहे, सुटणार आहे' हेच निघालं, त्या कंठाजवळ नाद राहील कसा? तो सुटणारच. हा खंडित स्वर आहे. तुम्ही आता माझा स्वर बघा."

मग नादगुरू स्वतः केबिनमध्ये बसले आणि चाळीस मिनिटं बोलले. प्रोग्रामनं हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. विधी करून ताईला बसवलं की दहा ओळींत प्रोग्राम बंद. विधी करून गुरूंना बसवलं की प्रोग्राम गुलामासारखा राबतोय. यापेक्षा आणखी पुरावा तो काय हवा? नादगुरूंना पैसा नको होता, हार नको होता. त्यांना फक्त माइकसमोरची ती खुर्ची हवी होती, आणि देशभरच्या मुलांच्या कानात कायमचा आपला आवाज.

"शनिवारी सर्वांसमक्ष शेवटची परीक्षा घेऊ," साहेब ताईला म्हणाले. साहेब वाईट नव्हते, वक्तशीर होते. "त्यात जर तुमच्या आवाजाला यंत्र चाललं नाही, तर मग... तुम्ही समजून घ्या."

"समजले," ताई म्हणाली. "घरी मुलीला सांगून ठेवते, आई पुन्हा सुटली म्हणून."

त्या संध्याकाळी मावशींनी नादगुरूंचं प्रकरण ऐकायला घेतलं.

"पेशी," प्लेयरमधून मधाळ आवाज आला. "मित्रहो, पेशी म्हणजे काय? पेशी म्हणजे देहवीणेची तार. हिच्यात एक केंद्रक असतं. तुमच्यातही एक केंद्रक आहे. ते शोधा. पुढे इथे एक तक्ता आहे, तो जिज्ञासूंनी स्वतः डोळ्यांखालून घालावा."

मावशींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि प्लेयर बंद केला. "डोळ्यांखालून," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "घालते हं."

चाळीस मिनिटांत गुरू सव्वीस शब्द चुकले होते आणि एकदाही थांबले नव्हते. मावशींना ते खटकलं. जो माणूस चूक सुधारायला थांबतो, त्याच्याच वेळी यंत्र बंद पडतं. जो कशासाठीच थांबत नाही, त्याचं चालतं. मग यंत्र आवाजावर रुसतंय, की थांबण्यावर?

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळच्या विधीला मावशी कॉम्प्युटरशेजारी जाऊन बसल्या. नादगुरू विधीआधी बराच वेळ गुणगुणत आणि ते गुणगुणणं पट्टीच्या बरंच खाली असे. ते सहन होईना, म्हणून मावशींनी हाताला लागलेला हेडफोन कानांवर चढवला. तो हेडफोन कॉम्प्युटरला जोडून खुंटीला टांगलेला असायचा. दादा आवाजाची रेघ बघूनच काम करायचा, त्यामुळे वर्षभरात तो कुणी कानाला लावला नव्हता.

हेडफोनमध्ये टिकटिक चालली होती. ठणठणीत, सेकंदाला एक.

मग दादानं पडद्यावरचं घड्याळ बंद केलं. टिकटिक थांबली. लोकांनी पहिला श्वास घेतला. दुसरा घेत होते, तेवढ्यात हेडफोनमध्ये अगदी बारीक आवाज झाला. टुक. कुणीतरी दाराची कडी हळूच काढावी तसा. पुढचे नऊ श्वास काहीच झालं नाही. मग टुंऽऽऽ, दाबा, आणि प्रोग्राम चालू.

गर्दी पांगल्यावर मावशींनी दादाला धरलं.

"दादा, ते पडद्यावरचं घड्याळ कधी बसवलं?"

"मागच्या सोमवारी. ताई आल्या ना, त्या दिवशी. नव्या माणसाला वेळेची शिस्त लागावी, असं साहेब म्हणाले. टिकटिकणारंच हवं होतं त्यांना. पण स्पीकर नाही ना आपल्याकडे, ऐकूच येईना. मग साहेबांनी आवाज फुल्ल करून ठेवला."

"आणि विधी झाल्यावर?"

"परत लावायला सांगतात. लगेच."

"या प्रोग्रामची काही पोथी असेल ना रे?"

दादा चुळबुळला. "माहितीपुस्तिका आहे की. छापून घेतलीय."

"मग कुठाय ती?"

"मॉनिटरखाली. मॉनिटर जरा ठेंगणा पडत होता."

"वाचलीस?"

"चाळली. बरीचशी तक्त्यांनीच भरलीय."

मावशी हसल्या. त्यांनी ताईला हाक मारली. मॉनिटर दोन इंच खाली आला, पुस्तिका बाहेर निघाली, आणि भर दुपारी खिडकीशी बसून ताईनं ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली. चव्वेचाळिसाव्या पानावर आली तेव्हा तिचा आवाज चढला. "तक्ता क्रमांक सात, रेकॉर्डिंग सुरू न होण्याची कारणे. तक्ता क्रमांक सात, रेकॉर्डिंग सुरू न होण्याची कारणे." खाली शिंपीकाकांचं मशीन थांबलं. त्यांना वाटलं, बस लागली.

तिसरी ओळ ऐकून मावशी म्हणाल्या, "एवढीच परत वाच गं."

शनिवारी गर्दी जिन्यापर्यंत गेली होती. रेडिओवाला होता, आजी होत्या, जावईही होता. नादगुरू पांढऱ्या झब्ब्याच्या लांब बाह्या सारखे करत उभे होते.

"साहेब," मावशी म्हणाल्या, "आधी गुरुजींनी विधी करावा. मौन, टोपली, काटा, सगळं साग्रसंगीत. माझी एकच अट. पडद्यावरचं घड्याळ तेवढं चालू राहू दे."

"कशाला?" साहेब म्हणाले.

"एकच गोष्ट बदलून बघायची, म्हणून."

नादगुरू हसले. "माई, शंका हे सुद्धा एक बहिरेपणच."

"असेल. डोळे तसेही नाहीत, आता कानही गेले तर काय मोठंसं. पण करा तुम्ही."

विधी झाला. अकरा श्वास झाले, शिंपीकाकांचे एकोणीस झाले. टुंऽऽऽ. दाबा.

आवाजाचं साधन उघडता आलं नाही.

नादगुरूंनी दुसऱ्या गुडघ्यावर काटा आपटला. पुन्हा तीच पाटी. मग त्यांनी बावीस श्वासांचं मौन लावलं. त्यात एक बाई घेरी येऊन खाली बसली, पण पाटी ढिम्म हलली नाही.

"कुणीतरी घड्याळ लपवलंय," नादगुरू कपाळ पुसत म्हणाले. "या खोलीत अजून काळ चालू आहे."

"बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "तुमच्या डाव्या मनगटावर."

नादगुरूंचा उजवा हात आपसूक डाव्या बाहीवर गेला.

"पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात ना, तेव्हा कानाशी टिकटिकत होतं. कालपरवाही होतं. आम्ही सगळे इथे उघड्या मनगटानं श्वास मोजतोय, आणि तुमची वेळ बाहीत चालूच."

शिंपीकाका पुढे झाले. कपडे शिवणाराच माणूस, बाही कशी वर करायची हे त्यांना सांगावं लागलं नाही. घड्याळ चांगलं जाडजूड निघालं.

"मला पुढे कार्यक्रम असतात," नादगुरू पुटपुटले.

"असू देत," मावशी म्हणाल्या. "मुद्दा वेगळाच आहे. तुमचं घड्याळ चालू असतानाही रोज प्रोग्राम चाललाच. म्हणजे मनगटावरच्या घड्याळांशी त्याचं काही वाकडं नाही. आता सगळ्यांनी आपापली घड्याळं घाला. साहेब, भिंतीवरचं चालू करा. काका, दुकानात कामाला असलेल्या तुमच्या पोरींना खाली मशिनं लावायला सांगा. आणि बोला सगळे, मोठ्यानं बोला."

बोलायला सांगितल्यावर कुणालाच काही सुचेना. फक्त जावई बोलायला लागला, आणि थांबेना. "मी बोलत नाही असं नाही हो, मला घरात कुणी मध्ये तोंड घालू देत नाही, परवाचीच गोष्ट घ्या..." आजींनी पदर तोंडावरून काढला आणि त्याच्याकडे निराळ्याच नजरेनं बघितलं.

"आता दादा, फक्त पडद्यावरचं घड्याळ बंद कर. मी दहा मोजते." खाली मशिनं खडखडत होती, वर जावई खडखडत होता, त्या कालव्यात मावशींनी दहा मोजले. "दाब."

हिरवी रेघ उडाली. जावयाच्या शब्दाशब्दाला उडत राहिली.

"पण हे कसं काय?" साहेबांनी विचारलं.

"सोपं आहे. या कॉम्प्युटरात आवाजाची एक खोली आहे, साउंड कार्ड म्हणतात तिला. तिच्या दारावर एक रखवालदार आहे, त्याचं नाव साउंड सर्व्हर. कुणालाही आवाज काढायचा असला की तो रखवालदाराकडे द्यायचा, तो आत नेऊन पोचवतो. पाच जणांचे आले तर पाचही पोचवतो, भांडण नाही. आणि काम नसलं, की पाच सेकंद वाट बघून तो कडी काढून बाहेर येऊन बसतो. ती कडी मी हेडफोनमध्ये ऐकली. आपला हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम मात्र शहाणा. त्याला रखवालदार नको, त्याला थेट आत शिरायचंय, तेही एकट्याला. पूर्वी चालून जायचं, कारण दुसरं कुणी आवाज काढतच नव्हतं. सोमवारी साहेबांनी घड्याळ बसवलं. ते दर सेकंदाला टिक करतंय, तेव्हा रखवालदार आतून बाहेर येणार कधी? दार आतून बंद. घड्याळ बंद केलं की दुसऱ्या श्वासाला दार मोकळं. उरलेले नऊ श्वास नुसते शोभेचे."

"आणि ताईंच्याच वेळी का बंद पडायचं?"

"कारण ती थांबते. चुकलं की थांबते, पुन्हा वाचते. थांबलं की प्रोग्राम खोलीबाहेर येतो, आणि तोवर तुम्ही घड्याळ परत लावलेलं असतं. रखवालदार लगेच आत. गुरुजी एकदा सुरू झाले की थांबतच नाहीत. सव्वीस चुका केल्या, एकीलाही थांबले नाहीत. म्हणून यंत्र त्यांच्यावर प्रसन्न."

साहेबांचा चेहरा उतरला. "म्हणजे सगळं माझ्या घड्याळामुळे?"

"घड्याळ राहू दे तुमचं. दादा, त्या यादीत काय नावं आहेत ती वाच."

दादानं प्रोग्रामच्या सेटिंगमधली यादी उघडली. वरती साउंड कार्डाचं नाव, खाली साउंड सर्व्हरचं. "मी वरचं निवडलं होतं," तो कान पकडून म्हणाला. "वर होतं म्हणून."

"खालचं निवड. म्हणजे आपणही रखवालदाराकडून जाऊ. तक्ता सात, ओळ तिसरी."

दादानं एकदा माउस दाबला. घड्याळ परत लावलं. लाल बटण दाबलं. रेघ उडाली. थांबवलं, परत दाबलं, परत उडाली. हेडफोनमध्ये घड्याळ टिकटिकत होतं आणि कुणी कुणावर रुसलं नव्हतं.

"म्हणजे मौनानंच झालं ना शेवटी," नादगुरू दाराकडे सरकत म्हणाले. "मी तरी दुसरं काय सांगत होतो?"

"मौन कामाचं होतंच," मावशी म्हणाल्या. "पण ते यंत्राचं, पाच सेकंदांचं. आमचं नाही. काटा राहिलाय तुमचा टेबलावर, घेऊन जा."

नादगुरूंनी नादकाटा खिशात घातला आणि पुढच्या कार्यक्रमाला वेळेवर निघाले. रेडिओवाला अजून आशेनं उभा होता. शिंपीकाकांनी त्याच्या रेडिओचं मागचं झाकण उघडलं. आत सेलच नव्हते. "गळतील म्हणून मीच काढून ठेवले होते की," तो म्हणाला आणि घाईघाईनं जिना उतरला.

"मावशी, आम्ही इतके कसे फसलो हो?" साहेबांनी हळूच विचारलं.

"डोळ्यांसमोर झालं म्हणून. विधी केला आणि यंत्र चाललं, हे खरंच होतं. पण विधीत दहा गोष्टी होत्या. दहातली कुठली लागू पडली, हे कुणी पाहिलंच नाही. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला ना, तर पाया पडू नका आणि भांडूही नका. एका वेळी एकच गोष्ट काढून घ्या आणि पुन्हा करून बघा. चमत्कार उरला तर मला बोलवा, मीही नमस्कार करीन. आणि आळ घेण्याआधी पुस्तिका वाचा. तक्त्यांसकट."

गर्दी पांगली. ताई केबिनमध्ये जाऊन बसली. नादगुरूंचं 'पेशी' पुसून ते प्रकरण पहिल्यापासून घ्यायचं होतं. दुसऱ्याच ओळीला तिला ठसका लागला. "थांबवा," ती म्हणाली, आणि बाहेर सगळ्यांनीच सवयीनं श्वास रोखला. दादानं थांबवलं. ताई पाणी प्यायली. दादानं लाल बटण दाबलं.

मावशींनी हेडफोन कानांवर नीट बसवला आणि पाठ टेकली.

"तक्ता क्रमांक एक, वनस्पती पेशी व प्राणी पेशी," गाद्यांच्या भिंतींआडून खणखणीत आवाज आला. "तक्ता क्रमांक एक, वनस्पती पेशी व प्राणी पेशी. एकूण रकाने तीन."